गोळीचा काय दोष?

नेमबाजी हा खेळ मनुष्यस्वभावाला अजिबात सोयीचा नाही. क्रिकेटमध्ये त्रिफळा उडालेल्या फलंदाजाला खेळपट्टी असते, साईटस्क्रीनसमोरून नेमका त्याच वेळी हललेला माणूस असतो, आणि कोणीच नसेल तेव्हा पंच तर असतोच. नेमबाजाला यातले काही नाही. समोर कागद, कागदाला भोक, आणि ते भोक जिथे असायला हवे तिथून चार बोटे खाली. आता मोठ्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यापासून तर आपण किती चुकलो हे दशांश चिन्हासकट पडद्यावर उमटते आणि मागे बसलेल्या नातेवाइकांनाही ते वाचता येते. अशा उघड्या मैदानात माणसाला आडोसा लागतो. वाऱ्याला दोष द्यावा तर २५ मीटरवर वारा गोळीला फारसे काही करत नाही. पिस्तुलाला द्यावा तर ते हातातच असते, आणि कोचने तेच पिस्तूल घेऊन तीन दहा मारून दाखवले की बोलायला जागा उरत नाही. राहते ती गोळी. ती सुटली ती सुटली. मागच्या बंधाऱ्यात चपटी होऊन मातीत मिसळली. तिची उलटतपासणी करता येत नाही. मयत आरोपीवर ठपका ठेवून प्रकरण दप्तरी दाखल करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि ती सर्वांत इमानाने कुठे पाळली जात असेल तर ती नेमबाजीच्या रेंजवर.

सरावासाठी कोणती गोळी घ्यावी या प्रश्नावर जे काही बोलले जाते ते या पार्श्वभूमीवर ऐकायला हवे. वरवर पाहता चर्चा वेग, वजन, अचूकता यांची चाललेली असते. पण दहा मिनिटे कान देऊन ऐकले की लक्षात येते, मंडळी गोळी शोधत नसून सबब शोधत आहेत. स्वस्त गोळीवाला म्हणतो, ‘या मालावर आणखी काय मारणार?’ महाग गोळीवाला म्हणतो, ‘हा लॉट काही बरोबर नाही.’ दोघांचाही स्कोअर सारखाच वाईट. माझे म्हणणे असे, की सरावाची गोळी निवडताना अचूकतेचा विचार शेवटी करावा. आधी एकच पाहावे: नेम चुकल्यावर जिच्याकडे बोट दाखवता येणार नाही ती गोळी कोणती? तीच घ्यावी, आणि भरपूर घ्यावी. ही कसोटी ऐकायला फार उदात्त वाटते, पण ती शुद्ध हिशेबाची आहे.

हिशेबाआधी ही गोळी काय चीज आहे ते पाहू. २५ मीटर पिस्तूल प्रकारात जी चालते ती पॉइंट टू टू लाँग रायफल, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही हीच चालते. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली ती आणली आणि तिचा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. शिशाची गोळी ४० ग्रेन वजनाची. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे पाव तोळाही शिसे नाही. तिच्या मागे चिमूटभर दारू, आणि पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला. चाप ओढला की आतली सुई त्या काठावर बसते, काठ चेपतो, मसाला पेटतो. या कुळाचा मूळ पुरुष फ्रान्सचा. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या बंदूककारागिराने दारू न घालता, नुसत्या मसाल्यावर उडणारे काडतूस केले, ते कशासाठी, तर बड्या लोकांना दिवाणखान्यात बसून निशाणेबाजी करता यावी म्हणून. भिंतींचे काय झाले याचा तपशील इतिहासाने राखून ठेवला आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की या गोळीचा मूळ धंदाच करमणुकीची निशाणेबाजी. तिच्या घराण्यात पराक्रमाची मोठी परंपरा नाही. तरीही तिच्या डब्यांवर ‘मॅच’, ‘टार्गेट’, ‘प्रीमियम’, ‘गोल्ड’ अशी बिरुदे असतात आणि गिऱ्हाईक ती वाचत दुकानात तासभर उभे राहते.

आता हिशेब. २५ मीटरवरच्या नेमक्या माऱ्याच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. पुढचे प्रत्येक वर्तुळ आणखी ५० ने मोठे. चांगल्या कंपनीची साधी, सरावाची गोळी बरे पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून मारली, तर तिची भोके साधारण दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतात. ते नाणे २७ मिलिमीटरचे. म्हणजे शिकंजा जर स्पर्धेत उतरला, तर साध्या गोळीवर तो दिवसभर दहाच मारत बसेल आणि सगळी पदके घेऊन जाईल. नामांकित मॅच गोळी हाच पुंजका आणखी लहान करते. समजा १५ मिलिमीटरवर आणते. फरक व्यासात १२ मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून मोजला तर ६ मिलिमीटरचा. इतका फरक पदरात पाडून घेण्यासाठी माणूस कित्येक पट पैसे मोजतो. मोजू दे, त्याचे पैसे. पण या फरकाच्या दुसऱ्या बाजूला त्याचा हात आहे, आणि हिशेब तिथे खरा रंगतो.

पिस्तुलावर पुढे माशी असते आणि मागे खाच. नियमाप्रमाणे या दोघींत जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर असू शकते. टार्गेट २५ मीटरवर, म्हणजे या अंतराच्या शंभराहून अधिक पट लांब. त्यामुळे खाचेत माशी एक मिलिमीटर बाजूला सरकली की टार्गेटवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. एक मिलिमीटर! दहा नाही, नऊ नाही, थेट सहा. अर्धा मिलिमीटर सरकली तर आठ. आता उलट दिशेने गणित करा: महाग गोळीने जे ६ मिलिमीटर वाचवले, त्याच्याएवढी चूक माशी किती हलल्याने होते? सुमारे ०.०५ मिलिमीटर. डोक्यावरचा केस यापेक्षा जाड असतो. म्हणजे ज्याचा हात केसाच्या जाडीच्या आत स्थिर राहतो त्याला महाग गोळीचा गुण कळेल. बाकीच्यांना कळते ते फक्त बिल. हात लांब करून एक किलोहून जड वस्तू धरली, की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला माशी हलते. सकाळी दोन कप चहा झाला असेल तर ठोकेही जरा उत्साहात असतात. नवशिक्याची माशी खाचेत नुसती हलत नाही, ती खाच सोडून परगावी जाऊन येते. त्याला कोणी ‘अमुक कंपनीची गोळी घे, ग्रुप सुधारेल’ असा सल्ला दिला, तर सल्ला देणाऱ्याची दानत तपासावी. बहुधा त्याच्याकडे त्याच कंपनीचे चार डबे पडून असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘मग जगज्जेते काय वेडे आहेत? ते का महागाच्या गोळ्या वापरतात?’ वेडे नाहीत, आणि वापरतात हे खरे. इंग्लंडमधली एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्या मॅच गोळ्या करतात, आणि वरच्या पातळीवरचे लोक त्या नुसत्या विकत घेत नाहीत. लॉट तपासून घेतात. एकाच यंत्रावर, त्याच शिशाच्या, त्याच दारूच्या गोळ्या केल्या तरी एका लॉटचे एका बॅरलशी जमते, दुसऱ्याचे जमत नाही, आणि का जमत नाही हे आधी सांगता येत नाही. म्हणून नेमबाज आपले बॅरल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातो, तिथे ते शिकंज्यात बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या मारून पुंजके मोजतात आणि जुळेल तो लॉट नेमबाज घरी आणतो. थोडक्यात पत्रिका पाहतात; फक्त इथे छत्तीस गुण मायक्रोमीटरवर मोजलेले असतात आणि ‘मुलगी नक्षत्रासारखी आहे’ असे सांगून कोणी दोन गुण वाढवून घेऊ शकत नाही. पण ही मंडळी कधी हे करतात ते पाहा. हाताकडून मिळण्यासारखे सगळे मिळवून झाल्यावर. आपल्याकडे उलटा क्रम असतो: हात अजून बालवर्गात, आणि चर्चा लॉट नंबरची.

आणि त्या वरच्या पातळीवर तरी गोळी किती साथ देते? २०१८ च्या आशियाई स्पर्धा घ्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या अंतिम फेरीत शेवटच्या दोघी ५० गोळ्या मारतात आणि प्रत्येक गोळीचा निकाल एकच, लागली किंवा चुकली. राही आणि थायलंडची नफासवान यांग्पैबून दोघींच्या ३४ लागल्या. बरोबरी, मग शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग पुन्हा शूट-ऑफ. आता ३४ हा आकडा उलटा वाचा. आशिया खंडातल्या त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या दोन नेमबाजांच्या प्रत्येकी सोळा गोळ्या चुकल्या. या पातळीवर हलका माल कोणी वापरत नाही, हे मान्य करूनही सोळा. प्रत्येक गोळीला हात खाली ठेवायचा, टार्गेट तीन सेकंद मिळणार, तेवढ्यात उचलायचे, माशी लावायची, चाप ओढायचा. या तीन सेकंदांत जे होते ते कारखान्यात डब्यात भरता येत नाही.

तरी कोणी म्हणेल, गोळीने फरक पडतोच, नाहीतर नियम का बदलले असते? हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला पुरावाही आहे. रॅपिड फायर प्रकारात, जिथे आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच गोळ्या मारायच्या असतात, पूर्वी पॉइंट टू टू शॉर्ट नावाची आखूड, मवाळ गोळी चालत असे. झटका जवळपास नाही, त्यामुळे पिस्तूल एका टार्गेटवरून दुसऱ्यावर अलगद जायचे. २००५ मध्ये ती बंद झाली. लाँग रायफल सक्तीची झाली आणि चापाचा किमान दाबही एक किलो केला. सगळ्यांना जड गेले, यात शंका नाही. जर्मनीच्या राल्फ शूमानने आखूड गोळीवर १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके घेतली होती. गोळी बदलली, चाप बदलला, वय वाढले, आणि २००८ च्या बीजिंगमध्ये ४६ वर्षांच्या या गृहस्थांनी रौप्य घेतले. आता यातून गोळीचे महत्त्व सिद्ध होते असे ज्याला वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावे. मला त्यात गोळी बदलूनही न बदललेला माणूस दिसतो.

एवढे ऐकून काटकसरी माणूस खूश होतो आणि मिळेल ती सर्वांत स्वस्त गोळी पोतेभर घेऊन येतो. त्यालाही थांबवायला हवे, कारण फार स्वस्त गोळीत दुसरा दोष आहे: ती सबबी पुरवते. काठात मसाला भरणे हे नाजूक काम. ओला मसाला पुंगळीत घालून फिरवतात, तो काठाकाठाने पसरतो, मग वाळवतात. हलक्या मालात एखाद्या ठिकाणी काठ रिकामा राहतो. सुई नेमकी तिथे बसली की खट् असा आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. पिस्तूल टार्गेटकडेच रोखून अर्धे मिनिट तसेच उभे राहायचे, कारण कधी कधी मसाला उशिरा पेटतो. मग काडतूस काढायचे. पुष्कळदा तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा घातले की उडते, कारण सुई आता काठाच्या दुसऱ्या जागी बसते. कधी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, सरकत्या भागात उभी अडकते. कधी एक गोळी ढिली, पुढची कडक. शंभर गोळ्यांत असे चार-सहा प्रसंग आले, की उरलेल्या चौऱ्याण्णवांचे खापर फोडायला जागा मिळाली. ‘लय तुटली’ हे वाक्य मग दिवसभर पुरते. ही गोळी स्वस्त नाही. फुकटची सबब देऊन शिकण्याचा दिवस खाणारी गोळी महागच.

नियमावलीने हा माणूस बरोबर ओळखला आहे. स्पर्धेत पिस्तूल अडले की नेमबाजाने हात वर करायचा, पिस्तुलाला काही करायचे नाही, आणि पंच येऊन पाहणार. सुईने मारा केला पण काडतूस उडाले नाही, तर ते क्षम्य. गोळ्या पुन्हा मारू देतात. पण सेफ्टी काढायची राहिली, चाप पुरता सोडला नाही, किंवा गोळ्या भरायलाच विसरला, तर अक्षम्य. शेवटचे कलम वाचताना नियम लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो. गोळ्या न भरता उभे राहून हात वर करणारा आणि वर ‘मालच खराब’ म्हणणारा माणूस कुठल्या तरी देशात कधीतरी निघाल्याशिवाय असे कलम कोणी लिहीत नाही.

तेव्हा मधली गोळी. पण मधल्या गोळीच्या वाटेवर ‘हाय व्हेलॉसिटी’ नावाचे एक वळण लागते, आणि तरुण मंडळी बहुतेक तिथेच वळतात. डब्यावर वेगाचा मोठा आकडा, शेजारी विजेचे चित्र. तो आकडा मोजलेला असतो लांब नळीच्या रायफलमधून. पिस्तुलाची नळी नियमाने १५३ मिलिमीटरच्या आत; दारू पुरती जळायच्या आतच गोळी बाहेर. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी जळते. त्याने उजेड पडतो, आवाज होतो, शेजारचा नेमबाज दचकतो आणि कागदावर काहीही सुधारत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची स्प्रिंग साध्या वेगाच्या गोळीसाठी जमवलेली असते. तिला रोज असले धक्के देणे पिस्तूल बनवणाऱ्यांनाही पसंत नसते. शिवाय साधी गोळी ध्वनीच्या वेगाच्या आतच राहते आणि तिथे ती शांतपणे उडते. कागदाला भोक पाडण्यासाठी किती वेग लागतो? कागद पळून जात नाही.

सेंटर फायर, म्हणजे सुई काठाऐवजी बुडाच्या मध्यावर बसते त्या प्रकारासाठी असते ती पॉइंट थर्टी टू वॉडकटर. तिच्याविषयी थोडक्यात बोलतो, कारण एवढी प्रामाणिक गोळी दुसरी नाही. हिला नाकच नाही. पुंगळीच्या तोंडाशी सपाट कापल्यासारखी बसते. लांब जायचे नाही, जोरात जायचे नाही; कागदात फाटका-तुटका नव्हे तर स्वच्छ गोल भोक पडावे, म्हणजे रेघेला शिवले की नाही यावर भांडण नको, एवढ्याच हेतूने तिला सपाट केले आहे. चित्रपटातल्या नायकाचे नऊ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. त्यामुळे मराठी माणसाची मोठ्या गोळीची हौस बहुधा या बिननाकाच्या गोळीवरच भागते, आणि तिला पाहून कोणाच्याही मनात पौरुषाचे तरंग उठत नाहीत. सरावाच्या वस्तूचे हे मोठेच भाग्य.

आता सर्वांत व्यावहारिक आक्षेप, आणि तो खास आपला: ‘निवडा काय म्हणता, मिळते कुठे?’ याला उत्तर देणे अवघड आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. परवाना हवा, परवान्यावर गोळ्यांची मर्यादा लिहिलेली, चांगली पॉइंट टू टू बहुतांशी आयात, ती संघटनेच्या वाटेने, कागदपत्रांच्या वाटेने, कस्टमच्या वाटेने येणार. आपली नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर होते. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. ज्यांना दिवसभर सभागृहात आरडाओरडा ऐकावा लागे, त्यांनी आवाज एकदाच होतो असा खेळ हाती घेतला, हे समजण्यासारखे आहे. पण गोळ्या वेळेवर याव्यात याची सोय त्यांच्यानंतरही फार कोणाला जमलेली नाही. पोलिसांच्या किंवा छात्रसेनेच्या सरावात तर मारलेल्या गोळीच्या रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत द्याव्या लागतात. एक कमी भरली की अख्खी तुकडी गवतात ओणवी होऊन शोधते, आणि त्या दिवशीचा नेम कसा लागला हे विचारायला कोणाला वेळ राहत नाही. म्हणजे आपल्याकडचा नेमबाज निवडत नाही, त्याला मिळते. मिळेल तेव्हा मात्र त्याने एक करावे: एकाच प्रकारची, शक्य तर एकाच लॉटची, मर्यादेत बसेल तेवढी एकदम घ्यावी. मिळण्याची हमी अमेरिकेतही नसते. २०१३ मध्ये तिथे हीच पॉइंट टू टू, जी कोपऱ्यातल्या दुकानात धूळ खात पडलेली असायची, अचानक गायब झाली. बंदुकांवर निर्बंध येतील या धास्तीने लोकांनी साठे केले आणि मग दुकान उघडण्याआधी रांगा, माणशी डब्यांची मर्यादा, असे सगळे आपल्या ओळखीचे चित्र तिथे दिसू लागले.

एकाच प्रकारची घ्यावी याला कारण आहे. दोन कंपन्यांच्या गोळ्या वेगळ्या वेगाने जातात, म्हणून टार्गेटवर वेगवेगळ्या उंचीला लागतात. शिवाय शिशावर मेणचट थर असतो. तो नळीत आतून बसतो, आणि कंपनी बदलली की नवा थर नीट बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. ज्याच्या पेटीत पाच कंपन्यांचे अर्धे-अर्धे डबे आहेत तो रोज नव्या उंचीला नेम शिकतो आणि रोज साईटचे स्क्रू फिरवतो. त्याला विचारा, तो म्हणेल, ‘टेस्टिंग चालू आहे.’ हे टेस्टिंग वर्षानुवर्षे चालते. त्यात निष्कर्ष काढायचा नसतो, कारण निष्कर्ष निघाला तर सराव करावा लागेल. आणखी एक वर्ग असतो, तो महागाचा डबा ‘मॅचसाठी’ म्हणून बाजूला ठेवतो. सराव साध्या गोळीवर, स्पर्धा अनोळखी गोळीवर. मग स्पर्धेत झटका वेगळा, उंची वेगळी. त्याला ‘निदान मनाला विश्वास वाटतो ना’ असे म्हणायची सोय असते. वाटतो, मान्य. पण विश्वास हवाच असेल तर तो ज्या गोळीने हजार वेळा खरे सांगितले तिच्यावर ठेवलेला बरा, डब्यावरच्या सोनेरी अक्षरांवर नव्हे. स्पर्धेच्या आणि सरावाच्या गोळीत फरक ठेवायचाच असेल, तर एकाच कंपनीच्या, जवळपास सारख्या वेगाच्या दोन गोळ्या घ्याव्यात. म्हणजे हाताला त्या दोघी बहिणी आहेत हे कळणारही नाही.

शेवटी सर्वांत स्वस्त पर्याय, ज्याचा दुकानदार कधी उल्लेख करत नाही: गोळीच न घालणे. जगातले चांगले नेमबाज जितके चाप ओढतात त्यातले पुष्कळसे रिकाम्या पिस्तुलावर. ड्राय फायर. भिंतीकडे तोंड, पिस्तूल रिकामे आहे हे दोनदा तपासलेले, माशीवर डोळा, आणि माशी न हलता चाप येतो की नाही एवढेच पाहायचे. यात एक तांत्रिक अडचण अशी, की काठावर मारा करणाऱ्या पिस्तुलात पुंगळी नसेल तर सुई थेट पोलादावर आपटते आणि कालांतराने दोघांचेही नुकसान होते. स्पर्धेच्या बऱ्याच पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते. ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी अमेरिकन नेमबाजांनी हार्डवेअरच्या दुकानातला प्लास्टिकचा रॉलप्लग शोधून काढला. भिंतीत स्क्रू बसवायला ठोकतात तोच. योग्य मापाचा प्लग नळीत बसतो, त्याची कड पुंगळीच्या काठासारखी मागे टेकते, आणि सुई त्यावर बिनघोर आपटते. लॉट नंबर नाही, कस्टम नाही, दोन-चार रुपयांत महिनाभर सराव. यावर आक्षेप येतो तो बरोबर आहे: धमाका नसेल तर धमाक्याला न दचकणे कसे शिकणार? दचकण्यापुरत्या गोळ्या मग माराव्याच लागतात.

पण त्यांतही एक काडतूस खोटे ठेवता येते. मॅगझिन दुसऱ्याने भरायचे. चार जिवंत, एक डमी, कितवे ते सांगायचे नाही. नेमबाज उभा राहतो. एक लागली, दोन लागली. तिसऱ्याला चाप ओढला जातो, नुसते खट् होते, आणि नळीचे तोंड मात्र आवाजाच्या भीतीने आपण होऊन चांगले दोन बोटे खाली जाते, सगळ्या रेंजच्या देखत. वारा नाही, वेग नाही, कंपनी नाही. गोळी तर नव्हतीच. आता तरी काही बोलता येऊ नये. पण नेमबाज मॅगझिन काढतो, ते खोटे काडतूस बोटांत धरून उजेडाकडे नेतो आणि त्याच्या बुडाचा काठ बारकाईने निरखून पाहू लागतो.